वडिलांना कळवू नये

वरवंड
शनिवार, २६ जुलै २०२५

मा. सचिव साहेब यांस,

आपल्या संस्थेच्या वरवंड शाळेतला शिपाई महेंद्र म्हाळू याचा नमस्कार.

एवढं लिहून तीन कागद फाडले. विषय, संदर्भ, महोदय असं सुरू केलं की सांगायचं ते मागंच राहतं. न्हावऱ्याच्या शाळेत पाचवी ते दहावी आपण एका बाकावर बसलो. तुझे निबंध मी लिहायचो, माझी गणितं तू सोडवायचास. तुझी आई पुतळाबाई मला चुलीपाशी बसवून भाकरी वाढायची, त्या काळात, त्या गावात. तेव्हा मी तुला रविराज म्हणत होतो. पाच वर्षांपूर्वी तू सचिव झालास आणि सगळ्या स्टाफसमोर म्हणालास, "महेंद्र, इथं साहेब म्हणत जा." त्या दिवसापासून म्हणतो आहे, आणि त्या दिवसापासून आपण कामाशिवाय एक शब्द बोललेलो नाही. ही नोकरी तू लावलीस, तेही विसरलेलो नाही. पण साहेब म्हणून लिहायला बसलो की राग लिहिता येत नाही, आणि मला राग आला आहे, रविराज. चार दिवस झाले, उतरत नाही.

मंगळवारच्या प्रकाराचा हेडसरांनी तुला पाठवलेला अहवाल मीच पाकिटात घातला. त्यात एक ओळ आहे: 'पालकांमधील घरगुती वादाचे पडसाद शाळेच्या आवारात उमटले.' पडसाद! फाटकावर मी होतो. काय उमटलं ते मला विचार.

आठवीत अनुपमा नावाची मुलगी आहे. जूनमध्ये आपल्याच न्हावऱ्याच्या शाळेचा दाखला घेऊन इथं आली. तिची आई अनिता नवऱ्याच्या माराला भिऊन पोरीसकट निघाली आणि इथं एका गुऱ्हाळावर गुळाच्या ढेपा बांधायला लागली. दाखला घेऊन आली तेव्हा ऑफिसात मी एकटा होतो. क्लार्क निवृत्त होऊन दीड वर्ष झालं, जागा भरली नाही, माझं अक्षर बरं म्हणून रजिस्टरं माझ्याकडं आली आणि रजिस्टरांच्या मागून तुमचं ते पाल्यदीप ॲपही.

ती बाई खुर्चीत बसली नाही. दाराला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, एक सांगते. हिच्या बापाला आमी कुठं हाय ते कळता कामा न्हाई. कळलं तर तो आमाला सोडायचा न्हाई."

मी म्हणालो, "ताई, शाळेतून कळणार नाही. माझा शब्द."

शब्द दिला तो मी. मोडला कुणी?

मंगळवारी अनुपमाला ताप होता. मी गैरहजेरी लावली. पाल्यदीप काय करतं ते तुला माहीत आहे, तुझ्या मुलानंच, सत्यजीतनंच ते पुण्यात बसून केलंय. मूल गैरहजर असलं की त्याच्या नावापुढं जेवढे नंबर असतील तेवढ्यांना आपोआप निरोप जातो. न्हावऱ्याच्या शाळेत भरलेला बापाचा नंबर पोरीच्या मागोमाग इथपर्यंत आला होता. निरोप त्यालाही गेला. आणि निरोपाच्या खाली शेरा जातो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. शेरा असा होता: 'आई गुऱ्हाळावर कामास, तिथल्याच खोलीत राहते. वडिलांना कळवू नये.'

डबा खायच्या सुट्टीत तिचा बाप बाळासो मोटरसायकलवर आला. रांजणगावच्या कंपनीतून अर्ध्या पाळीत निघालेला, अंगात तसाच निळा शर्ट. फोन माझ्या तोंडासमोर धरला.

"वाचा की मामा, मोठ्यानं वाचा. वडिलांना कळवू नये! आन् मलाच पाठवताय व्हय? लई हुशार शाळा हाय तुमची."

हसत होता. आजूबाजूची दोन पोरंही हसली, त्यांना काय कळणार. मी म्हणालो, मुलगी आज शाळेत नाही. खरं तेच सांगितलं.

"ते बी लिव्हलंय की हितं," तो म्हणाला आणि गाडी वळवली.

इथं गुऱ्हाळं किती आहेत? पण विचारत विचारत गेला की सापडतंच. मी सायकलवर पोचलो तेव्हा त्यानं तापातल्या पोरीला दंडाला धरून खोलीबाहेर ओढलं होतं आणि अनितानं पोरीच्या कमरेला मिठी मारली होती. तिचं मनगट त्यानं तिथंच मोडलं. मी ऐकलं ते. रस उकळायच्या काहिलीवरचे चौघे उत्तर प्रदेशातले कामगार झारे घेऊन धावत आले नसते तर पुढं काय झालं असतं, मला विचार करवत नाही. त्यातला म्हातारा एवढंच म्हणाला, "भाईसाब, बच्ची को बुखार है। हाथ छोड़ दो।" हात सुटला. जाताना बाळासो म्हणाला, "पत्ता गावलाय आता. भावांना घिऊन येतो."

संध्याकाळच्या आत दोघी एक पिशवी घेऊन निघाल्या. तक्रार देऊ म्हटलं तर अनिता म्हणाली, "तक्रारीत पत्ता लिवावा लागतो न्हवं? मी आता कुठंच पत्ता लिवणार न्हाई, मामा."

मला तुझ्याकडून एकच पाहिजे. सत्यजीतला सांगून त्या पोरीची नोंद आणि बापाचा नंबर ॲपातून काढून टाक. शिरूर-दौंडकडच्या चाळीस शाळांनी ते घेतलंय, हे तूच सत्काराच्या भाषणात सांगितलंस. उद्या कुठल्याही शाळेत तिचं नाव घातलं आणि त्या शाळेनं तिचा विद्यार्थी नंबर टाकला की तिच्या मागं बाप येणार. ते निघेपर्यंत तिला शाळा नाही.

उत्तराची वाट पाहतो.

महेंद्र


वरवंड
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

रविराज,

उत्तर आलं. तुझ्या अक्षरातलं नाही, टाइप केलेलं, हेडसरांच्या हातून. वर 'खुलासा' आणि खाली माझ्या सहीसाठी रेघ.

त्यातली तीन वाक्यं मला पाठ झाली आहेत. 'सदर नोंद माझ्या वैयक्तिक निष्काळजीपणामुळे झाली.' 'पाल्यदीप प्रणालीत कोणताही दोष नाही.' 'मी प्रत्येक पालकास संमतीपत्राचा मजकूर वाचून दाखवून, समजावून सांगून मगच सही घेतली आहे.'

हेडसर माझ्याकडं न बघता म्हणाले, "महेंद्र, सही करून टाक. मुलीची नोंद लगेच काढतील. पुढच्या महिन्यात आणखी दोनशे शाळांचं ठरायचंय, तेव्हा साहेबांना कागद स्वच्छ पाहिजेत. आणि क्लार्कच्या जागेचंही तुझ्या नावानं बघू, असं म्हणालेत."

म्हणजे पोरगी ओलीस. शब्द कडक वाटत असेल तर तू दुसरा सुचव. निबंधात मी तुला सुचवायचो.

काल गौतमी नर्सिंगच्या होस्टेलवरून घरी आली. माझी मुलगी, तुला आठवत असेल, तिच्या बारशाला तू आला होतास. तिच्यापुढं मी ते संमतीपत्र ठेवलं. गेल्या वर्षी तू गठ्ठा पाठवलास, दोन पानं इंग्रजी, आणि निरोप दिलास की आठ दिवसांत सगळ्या सह्या पाहिजेत. मी घरोघर हिंडलो नाही. सकाळी साडेसहाला डेअरीवर गेलो. सगळा गाव किटल्या घेऊन तिथं रांगेत असतो. दूध मापून होईपर्यंत माणूस उभा असतो, हातात काही नसतं. मी कागद पुढं करायचो, ते सही करायचे. कुणी विचारलंच तर सांगायचो, शाळेचं आहे, पोरांच्या हजेरीचं. तीनशे बारा सह्या चार सकाळींत झाल्या. तू हेडसरांकडून शाबासकी कळवलीस. मला बरं वाटलं होतं.

मी ते वाचलं नव्हतं. मला वाचता येत नव्हतं आणि येत नाही असं म्हणायची लाज वाटली. मी आणला म्हणून लोकांनी सह्या केल्या. महेंद्र खोटं बोलत नाही, एवढंच वाचलं त्यांनी.

गौतमीनं ओळीओळीचं मराठी केलं. मुलाचं नाव, फोटो, जात, मार्क, आजार, गैरहजेरीचं कारण, घरचे सगळे नंबर. ही माहिती कंपनी 'सहयोगी संस्थांना' देऊ शकते. नोंदीतल्या सर्व क्रमांकांवर संदेश जातील. माहिती किती वर्षं ठेवायची ते कंपनी ठरवील. गौतमी मधेच थांबली आणि म्हणाली, "पप्पा, माझ्या दवाखान्यात पेशंटच्या कागदावर असं लिहिलं असतं ना, तर आमच्या मॅडमनी फाडून टाकलं असतं."

आज सकाळी विहारात गेलो. वर्षावासाचं वाचन चालू आहे. त्याआधी शीलं म्हटली. दुसरं शील मी लहानपणापासून म्हणत आलोय, जे दिलेलं नाही ते घेणार नाही. त्याचा अर्थ मी चोरी एवढाच धरत होतो. माझे वडील दुसऱ्याच्या शेतातली पडलेली कैरीसुद्धा उचलू देत नसत. आणि मी रांगेत उभं राहून तीनशे बारा घरांतून, त्यांनी न दिलेलं, उचलून तुझ्या घरात आणून टाकलं. तेसुद्धा सही घेऊन.

खुलाशावर सही करणार नाही. पोरीची नोंद काढ.

महेंद्र


वरवंड
सोमवार, ११ ऑगस्ट २०२५

रविराज,

शुक्रवारी तुझा फोन आला. पाच वर्षांनी. "महेंद्र, एवढी पत्रं लिहितोस, एक गोष्ट लिहायची विसरलास. शेरा कुणी लिहिला?" माझ्या उत्तराआधीच तू म्हणालास, "ॲपला सगळं दिसतं बाबा, कुणाच्या लॉगिननं, किती वाजता."

हो. शेरा मी लिहिला.

पहिल्या पत्रात 'शेरा असा होता' असं लिहिलं आणि पुढं गेलो. तो शेरा जणू झाडावरून पडला होता. तुला लिहिताना मी लपवलं आणि गौतमीलाही अजून सांगितलेलं नाही. अनिताला सांगितलं. ती आपल्या प्लास्टरकडं बघत राहिली. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

का लिहिला ते सांगतो. सुटका म्हणून सांगत नाही. तू आमच्या जनरल रजिस्टरचा शेऱ्याचा रकाना कधी वाचला आहेस? मी पंचवीस वर्षांचे वाचलेत. जुने क्लार्क त्यात लाल शाईनं लिहायचे. 'फिट येते, उन्हात उभे करू नये.' 'वडील वारले, आईचे नाव पुकारावे.' 'सावत्र आई आहे, डबा नसल्यास चौकशी करू नये, द्यावा.' ते वाचणारे दोघे-तिघे, रजिस्टर लोखंडी कपाटात आणि किल्ली क्लार्कच्या करगोट्याला. नवे सर आले की क्लार्क त्यांना आधी तो रकाना दाखवायचे आणि मग वर्गावर पाठवायचे. त्या रकान्यानं किती पोरं सांभाळली त्याची मोजदाद नाही.

तुमच्या ॲपात शेवटी एक चौकोन आला. वर लिहिलं होतं, शेरा. मला वाटलं, हा तोच. उद्या मी रजेवर असलो आणि दुसऱ्या कुणी बापाला फोन केला तर? म्हणून पोरीच्या भल्यासाठी, सगळं खरं, नीट अक्षरात लिहिलं. मी कपाटात ठेवल्यासारखं ठेवलं आणि ते चौकात लागलं.

वडिलांचा नंबर मी कोरा ठेवून बघितला होता, हेही तुझ्या लॉगिनला विचार. तो रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. कोरा ठेवला की लाल होतो आणि जुना नंबर आपण होऊन परत येऊन बसतो. बापाचा नंबर पाहिजेच, असं कुणी ठरवलं? ज्याच्या घरी बाप मारत नाही त्यानं.

माझी चूक माझ्या नावावर राहू दे. ती मी उरलेला जन्म वागवीन. पण तू जे मागतोस ते वेगळं आहे. माझ्या चुकीच्या चादरीखाली तुला तुझं सगळं झाकून घ्यायचंय. 'प्रणालीत दोष नाही' हे लिहून दिलं की उद्या दोनशे शाळांमधल्या दोनशे महेंद्रांनी त्याच चौकोनात पोरांच्या भल्याचं लिहायचं. कुणी लिहील, आजोबा दारू पितात. कुणी लिहील, पोरीची पाळी सुरू झाली, पोट दुखतं. आणि ते कुणाकुणाच्या फोनवर जाईल?

फोन ठेवताना तू म्हणालास, "भावनेच्या भरात नको जाऊस." मनगट मोडल्याचा आवाज तू ऐकलेला नाहीस.

महेंद्र


वरवंड
बुधवार, २० ऑगस्ट २०२५

रविराज,

सोबत तुझा खुलासा जोडला आहे. सही केली आहे.

आधी का केली ते ऐक. परवा अनिताला भेटून आलो, कुठं ते लिहीत नाही. पोरगी महिनाभर शाळेबाहेर. जिथं आहेत तिथली शाळा चालत अर्ध्या तासावर, आणि तिथंही पाल्यदीपच. अनुपमा दारात बसून शेजारच्या पोरांच्या वह्यांतलं उतरवून घेत होती. मला म्हणाली, "मामा, मी नाव बदलून गेले तर चालंल का शाळंत?" तेरा वर्षांच्या पोरीनं हा विचार करून ठेवलेला. अनिता आतून म्हणाली, "न्हाईतर लगीन लावून टाका म्हणत्यात हितली माणसं. म्हंजी बापाचं नाव बी जाईल आन् भ्या बी जाईल."

परतताना एसटीत बसून मी सत्यजीतला फोन लावला. तुझ्या पाठीमागं लावला, हे कबूल. लहानपणी त्यानं माझ्या सायकलच्या नळीवर बसून अख्खा न्हावरा पाहिलाय, एवढ्या हक्कानं लावला.

"सत्यजीत, त्या पोरीचं काढून टाक रे बाबा."

त्यानं दार लोटून घेतल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "महेंद्रकाका, खरं सांगू? डिलीटचं बटणच नाही केलं आम्ही."

"का?"

"कुणी मागेल असं वाटलंच नाही."

रविराज, मी त्याच्यावर ओरडलो नाही. मला ओरडताच आलं नाही. तीनशे बारा घरं माझ्या गावची, चाळीस शाळांची मिळून किती असतील, आणि त्यातलं कुणी आपलं परत मागेल असं त्या पोराच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. चांगला पोरगा आहे तो. मग वाटलं, त्याच्या डोक्यात येणार तरी कसं? आम्ही देताना कधी काय दिलं ते विचारलं नाही, आणि तू त्याला घेताना विचारायला शिकवलं नाहीस.

"मग आता?"

"हातानं काढावं लागेल, काका. मूळ नोंद, न्हावऱ्याची नोंद, बॅकअप, सगळीकडून. दोन दिवसांचं काम आहे. मी करतो. पण पप्पा म्हणालेत, कागद हातात आल्याशिवाय हात लावू नको."

म्हणून कागद.

यात लिहिलंय की मी प्रत्येक पालकाला मजकूर वाचून दाखवला. हे खोटं आहे. खोटं आहे हे मला माहीत आहे, तुला माहीत आहे, आणि माहीत असून तू ते माझ्या हातून घेतलंस. खोटं न बोलण्याचं चौथं शील मी आजवर मोडलं नव्हतं असं म्हणणार नाही, माणूस आहे. पण कागदावर, सही करून, तारीख घालून आजच मोडलं. तुझ्यासाठी मोडलेलं नाही. क्लार्कच्या जागेचं पुन्हा नाव काढू नकोस. ती जागा तू दिलीस तर मी घेणार नाही.

दोन दिवस म्हणाला आहे. मी रोज बघणार आहे.

महेंद्र


वरवंड
रविवार, ७ सप्टेंबर २०२५

रविराज,

जय भीम.

सत्यजीतनं शब्द पाळला. दोनऐवजी पाच दिवस लागले, पण पाळला. ऑफिसच्या मोबाइलवर अनुपमाचा विद्यार्थी नंबर टाकला की 'नोंद आढळली नाही' असं येतं. न्हावऱ्याच्या शाळेतूनही पाहायला लावलं, तिथंही तेच. पोरगी सोमवारपासून शाळेत जाते. कोणत्या गावात, कुणाकडं राहून, कोणत्या शाळेत, ते लिहिणार नाही. तुझ्या हातात पडेल अशा कोणत्याच कागदावर लिहिणार नाही. तिच्या सरांना मी समोर बसून सांगितलं, कानात, आणि त्यांनी ते कुठं लिहून घेतलं नाही.

आज विहारात शीलं म्हणताना चौथ्याला मी गप्प राहिलो. पुढं उभे असलेल्यांना कळलं नाही. शेजारी माझी आई भागुबाई होती, तिला कळलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "काय रं, घसा बसलाय व्हय?" मी मान हलवली. हेही खोटंच झालं.

पण हे सांगायला पत्र लिहीत नाही. तुझ्यापर्यंत दुसरी बातमी आलीच असेल, म्हणून हेडसरांनी काल मला कारणे दाखवा नोटीस दिली. 'संस्थेच्या हितास बाधक वर्तन.' कारण हे घे.

खुलासा तुझ्याकडं गेल्यावर मी आठ दिवस त्याच एका वाक्याशी बसलो. प्रत्येक पालकास वाचून दाखवून. मग गौतमीकडून दोन्ही पानांचं मराठी स्वच्छ लिहून घेतलं आणि नोंद निघाल्याची खात्री झाल्यावर सकाळी साडेसहाला डेअरीवर गेलो. त्याच रांगेत उभा राहिलो आणि मोठ्यानं वाचायला लागलो.

पहिल्या दिवशी लोकांना वाटलं, दुधाच्या फॅटचं काहीतरी आलंय. हौसराव म्हणाला, "फॅट वाढवली का न्हाई ते आधी सांग." मी म्हणालो, तुझ्या पोराच्या जातीपासून जुलाबापर्यंत सगळं पुण्याला गेलंय, तुझ्या सहीनं. त्यानं किटली खाली ठेवली.

"माझ्या सहीनं? आरं, मी तर दुधाची पावती समजून केली."

सिंधूबाईनं सगळं ऐकून घेतलं, पदर खोचला आणि म्हणाली, "अगं बया! म्हंजी त्या क्लासवाल्या बाईला हे हितनं कळलं व्हय? फोनवर म्हणली, तुमची धाकटी गणितात कच्ची हाय. मी म्हणलं, बाई, तुला कसं ठावं? मला बी माहीत न्हवतं!" सगळी रांग हसली. ती हसली नाही. "मास्तरला मी सांगितलं हुतं, पोरगीच्या म्होरं कच्ची म्हणू नगा. आन् हे गावभर फोन करून सांगत्यात."

मग आनंदराव आबा, तेच, गावचे सगळ्यात जुने पंच, काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, "आरं महेंद्रा, मग सह्या घेतल्यास तवा का न्हाई वाचलंस?"

"वाचता येत नव्हतं, आबा."

"मग घेतल्यास कशाला?"

मी तिथं उभा राहिलो. सगळे बघत होते. माझ्या मोडक्या शब्दाची किंमत मी आयुष्यात पहिल्यांदा उभ्यानं मोजली. दूध मापणारा पोऱ्यासुद्धा माप हातात धरून थांबला होता. शेवटी आबाच म्हणाले, "बरं. वाच म्होरं."

मी पुढं वाचलं.

रोज वाचतो. जो ऐकतो त्याला विचारतो, ठेवायची की परत घ्यायची. परत घ्यायची असेल तर आपल्या मराठीत दोन ओळी: माझ्या मुलाची माहिती मी दिलेली नाही, ती काढून टाकावी. कालपर्यंत एकशे सत्याऐंशी जणांनी लिहून दिलंय. सहा जणांनी ठेवायची म्हणून सांगितलं, त्यांना मी काही म्हटलं नाही, त्यांना ठेवायची असेल तर ठेवू दे. त्यांनी निदान ऐकून ठेवली. ते एकशे सत्याऐंशी कागद या पत्राबरोबर येत आहेत. सत्यजीतला म्हणावं, आता बटण करायला लाग. कुणी मागत नाही असं परत म्हणता येणार नाही.

नोटिशीला उत्तर म्हणून तुझाच खुलासा जोडतो आहे. तू माझ्याकडून लिहून घेतलंस की मी प्रत्येक पालकाला मजकूर वाचून दाखवला आहे. सहीच्या दिवशी ते खोटं होतं. रोज सकाळी रांगेत ते थोडं थोडं खरं होत चाललंय. अजून एकशे एकोणीस घरं राहिली आहेत. ती झाली की चौथ्या शीलाला तोंड उघडीन. नोकरीवरून काढायचं तर त्याआधी काढ किंवा नंतर, वाचायला डेअरीवर उभं राहतो, तिथं तुझं फाटक नाही.

गुरुवारी रजा टाकून न्हावऱ्याला येतोय. तिथल्या सह्या मी घेतलेल्या नाहीत, पण सकाळची रांग तिथंही तशीच लागते. तुझ्या आईंना सांग, चहा चुलीपाशीच घेईन.

आणि तू साडेसहाला डेअरीवर ये. तुझ्या मुलाच्या नावानं गावोगाव सह्या झाल्या, ती दोन पानं तू अजून वाचलेली नाहीस, हे मी पैजेवर सांगतो. माझे निबंधसुद्धा तू न वाचता सही करून सरांना द्यायचास. ये. रांगेत उभा राहा. तुलाही वाचून दाखवतो.

महेंद्र